महापालिकेचे काम नेमके कुठवर आले, हे कसे शोधावे

आपल्या रस्त्याचे काम मंजूर झाले आहे असे कोणी सांगितले, तर कोणी मंजूर केले आणि नेमके काय मंजूर केले, हे प्रथम विचारावे. महापालिकेच्या व्यवहारात 'मंजूर' हा शब्द निदान चार निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. अंदाजपत्रकात कामासाठी तरतूद झाली तरी ते मंजूर, अभियंत्याने केलेले पूर्वगणनपत्रक, म्हणजे कामाच्या खर्चाचा तपशीलवार अंदाज, वरिष्ठांनी मान्य केले तरी मंजूर, स्थायी समितीने ठेकेदाराची निविदा स्वीकारली तरी मंजूर आणि ठेकेदाराच्या हाती कार्यादेश, म्हणजे काम सुरू करण्याचा लेखी आदेश, पडला तरीही मंजूरच. पहिल्या आणि चौथ्या मंजुरीत कधी सहा महिन्यांचे, कधी दोन वर्षांचे अंतर पडते, आणि काही कामे तर पहिल्या मंजुरीच्या पलीकडे कधी जातच नाहीत. म्हणून बातमीमागे न धावता कामाचा टप्पा शोधावा. प्रत्येक टप्प्याचा एक कागद असतो, त्या कागदाला क्रमांक आणि तारीख असते, आणि हे दोन्ही सांगून विचारलेल्या प्रश्नाला 'बघतो' असे उत्तर देणे कोणालाही जड जाते.

पुढील माहिती पुणे महापालिका डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे. मुंबई वगळता राज्यातील महापालिकांना १९४९ चा एकच कायदा, आजच्या नावाने महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, लागू आहे. त्यामुळे नाशिक, कोल्हापूर किंवा सोलापूरच्या वाचकाने विभागांची नावे तेवढी बदलून घेतली तरी चालेल. मुंबईचा कायदा १८८८ चा आणि स्वतंत्र आहे, त्यामुळे तेथे कलमांचे क्रमांक जुळणार नाहीत, परंतु टप्पे साधारण तेच आहेत.

काम कोणाचे, हे आधी ठरवावे

तक्रारदाराचे सर्वांत जास्त दिवस चुकीच्या कार्यालयात जातात. पुण्याच्या रस्त्यावर उभे राहून जे जे दिसते ते सगळे महापालिकेचे नसते. मेट्रोच्या वनाज ते रामवाडी आणि पिंपरी ते स्वारगेट या मार्गिका महामेट्रोच्या आहेत, तर हिंजवडी ते शिवाजीनगर ही मार्गिका पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची आहे. २ ऑक्टोबर २०२२ रोजी स्फोटकांनी पाडलेला चांदणी चौकातील जुना पूल आणि त्या जागी ऑगस्ट २०२३ मध्ये खुला झालेला नवा प्रकल्प राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा होता, त्यामुळे त्याची कागदपत्रे महापालिकेकडे मागण्यात अर्थ नव्हता. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून किती पाणी सोडायचे हे जलसंपदा विभाग पाहतो, आणि ते पाणी शुद्ध करून घरापर्यंत आणणे हे महापालिकेचे काम असते. पथदिवा महापालिकेचा, पण घरातील वीज महावितरणची. बस चालवणारी पीएमपीएमएल ही पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांच्या परिवहन संस्था २००७ मध्ये एकत्र करून झालेली स्वतंत्र कंपनी आहे. पुणे आणि खडकी या छावणी हद्दींत रस्ता ओलांडला की कार्यालयही बदलते.

समाविष्ट गावांत गुंता आणखी वाढतो. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली, आणि या २३ गावांच्या विकास आराखड्याचे काम राज्य सरकारने २०२१ मध्येच पीएमआरडीएकडे सोपवले. त्यामुळे तेथील रहिवाशाला टँकरसाठी एकीकडे आणि जमिनीवरील आरक्षणाच्या प्रश्नासाठी दुसरीकडे जावे लागले.

महापालिकेच्या आतही वाटण्या आहेत. बारा मीटर किंवा त्याहून रुंद रस्ते मुख्य खात्याच्या पथ विभागाकडे असतात आणि त्याहून अरुंद रस्ते व गल्ल्या क्षेत्रीय कार्यालयाकडे. मोठ्या मैलावाहिन्या मलनिःसारण विभाग पाहतो, तर गल्लीतील तुंबलेले चेंबर क्षेत्रीय कार्यालय. म्हणून अर्ज करण्यापूर्वी रस्त्याची रुंदी विकास आराखड्यात पाहून घ्यावी. तरीही कार्यालय चुकलेच, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज योग्य प्राधिकरणाकडे पाच दिवसांत हस्तांतरित करण्याचे बंधन त्या कायद्याच्या कलम ६ (३) मध्ये आहे. साध्या तक्रार अर्जाला असे संरक्षण नाही आणि तो ज्या टेबलावर पडतो तेथेच राहू शकतो.

अंदाजपत्रकातील ओळ शोधावी

महापालिकेचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. आयुक्त आपले प्रारूप अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात, समिती त्यात भर घालते आणि शेवटी मुख्य सभा ते मान्य करते. (पुण्यात जिला मुख्य सभा म्हणतात तिला ठाण्यात आणि नाशकात महासभा म्हणतात, ही सभा एकच.) अंदाजपत्रकाची पुस्तके महापालिकेच्या संकेतस्थळावर असतात. त्यांची जाडी पाहून बिचकण्याचे कारण नाही, कारण आपल्याला सगळे वाचायचे नसते. आपल्या प्रभागाचा क्रमांक आणि रस्त्याचे नाव शोधावे, कामासमोरचे अर्थशीर्ष, म्हणजे त्या खर्चाचा सांकेतिक क्रमांक, उतरवून घ्यावे आणि तरतुदीची रक्कम पाहावी. पुलासारख्या कामासमोर एखादा लाख रुपये दिसले, तर यंदा पूल होणार नाही, फक्त अर्थशीर्ष जिवंत ठेवले आहे, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

येथे दोन शब्द माहीत असलेले बरे. पहिला 'स' यादी. नगरसेवकांनी आपल्या प्रभागासाठी सुचवलेली कामे या यादीत येतात, आणि गल्लीतील पेव्हर ब्लॉक, बाके, दिशादर्शक फलक, ड्रेनेजची छोटी कामे बहुधा येथेच सापडतात. दुसरा शब्द वर्गीकरण. एका कामासाठी ठेवलेली रक्कम दुसऱ्या कामाकडे वळवण्याच्या प्रस्तावाला पुण्यात हे नाव आहे, आणि आर्थिक वर्षाच्या उत्तरार्धात असे प्रस्ताव एकामागून एक येतात. एप्रिलमध्ये पाहिलेली तरतूद जानेवारीत जागेवर आहे का, हे पुन्हा तपासले नाही तर सगळा माग चुकतो. तरतूद गेली असेल तर ती कोणत्या ठरावाने आणि कोणत्या कामाकडे गेली, हे विचारता येते. काम का झाले नाही, या प्रश्नाचे खरे उत्तर पुष्कळदा त्या ठरावातच असते.

ज्यांना यादीत काम नुसते शोधायचे नाही तर घालायचे आहे, त्यांच्यासाठी पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचे अंदाजपत्रक आहे. साधारणतः ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये क्षेत्रीय कार्यालये अर्ज घेतात आणि त्यांतील कामे पुढील वर्षीच्या अंदाजपत्रकात जातात. अर्जात 'परिसराचा विकास करावा' असे लिहिण्यापेक्षा 'अमुक शाळेच्या फाटकापासून तमुक चौकापर्यंत डाव्या बाजूचा पदपथ' असे लिहावे. ज्याचे मोजमाप करता येत नाही त्याचे पूर्वगणनपत्रक होत नाही.

समितीचा ठराव आणि निविदा

स्थायी समितीत १६ सदस्य असतात आणि खर्चाचे बहुतेक विषय तिच्यासमोर येतात. बैठकीपूर्वी नगरसचिव कार्यालय कार्यपत्रिका, म्हणजे विषयांची यादी, काढते आणि बैठकीनंतर इतिवृत्त होते. कार्यपत्रिकेत विषय दिसला म्हणजे तो मान्य झाला असे समजू नये. तो मान्य होऊ शकतो, उपसूचनेसह, म्हणजे काही बदल करून, मान्य होऊ शकतो, महिनाभर पुढे ढकलला जाऊ शकतो किंवा दफ्तरी दाखल होऊ शकतो, आणि या चार शक्यतांतील शेवटची सर्वांत निरुपद्रवी वाटत असली तरी तिचा अर्थ विषय संपला असा आहे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यानंतर समिती आणि मुख्य सभा या दोहोंचे अधिकार प्रशासकांकडे गेले होते. त्या काळातील निर्णयही ठराव क्रमांकानिशी नोंदलेले आहेत, त्यामुळे तेव्हाचे काम शोधतानाही पद्धत बदलत नाही.

ठरावात कलमाचा उल्लेख आला तर त्याकडे लक्ष द्यावे. पुण्यात '७२ ब' म्हणून ओळखला जाणारा प्रस्ताव म्हणजे एका वर्षात न संपणाऱ्या आणि पुढील वर्षांच्या अंदाजपत्रकांवर बोजा टाकणाऱ्या कामाची मान्यता. कलम ६७ (३) (क) चा उल्लेख असेल, तर आयुक्तांनी तातडीच्या कारणाने नेहमीची प्रक्रिया बाजूला ठेवून काम सुरू करवले आहे आणि समितीला ते कळवले आहे. दरड, पूर, खचलेला रस्ता अशा प्रसंगी हे कलम हवेच. परंतु तातडी नेमकी कोणती होती, हे समितीपुढे ठेवलेल्या विषयपत्रात लिहिलेले असते आणि ते वाचावे.

निविदा राज्य सरकारच्या महाटेंडर्स या संकेतस्थळावर निघतात. तेथे संस्थेच्या नावाने शोध घेतला की चालू निविदा दिसतात. जुन्या निविदांसाठी निविदा क्रमांक हाती असला तर वेळ वाचतो. निविदेच्या कागदपत्रांत शंभर पाने अटींची असतात, ती सोडून सरळ कामाच्या बाबींच्या तक्त्यावर जावे. रस्ता किती लांब-रुंद, खोदकाम किती खोल, खडीचा थर किती, डांबराचा थर किती, चेंबरची झाकणे रस्त्याच्या पातळीत आणण्याची बाब धरली आहे की नाही, हे सगळे तेथे ओळीने असते. ही शेवटची बाब मी आवर्जून पाहतो. नव्या रस्त्यावर चार बोटे खाली राहिलेले झाकण हे ठेकेदाराच्या कुचराईमुळे आहे की ती बाब पूर्वगणनपत्रकातच नव्हती, हे तेथे कळते, आणि त्यावरून तक्रार कोणाविरुद्ध करायची तेही ठरते.

तक्त्यानंतर तीन गोष्टी उतरवून घ्याव्यात. कामाची मुदत किती महिन्यांची आहे, ती पावसाळ्यासह की पावसाळा वगळून, आणि दोषदायित्व कालावधी किती आहे. दोषदायित्व कालावधी म्हणजे काम संपल्यानंतर ज्या मुदतीत दोष निघाल्यास ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची, तो काळ. निविदा उघडल्यावर स्वीकारलेला दर पूर्वगणनपत्रकापेक्षा किती टक्के कमी आला हेही ठरावात असते. दर वीस-पंचवीस टक्के 'बिलो' आला असेल तर आनंदाबरोबर थोडी काळजीही वाटावी, कारण तेवढ्या कमी पैशात तोच थर कसा बसणार, हे काम चालू असताना जाऊन पाहण्याची आवश्यकता असते.

प्रत्यक्ष जागेवर

कार्यादेश झाला की कामाच्या जागी फलक असायला हवा. त्यावर कामाचे नाव, खर्च, मुदत आणि ठेकेदार यांची नोंद असते. पहिल्या दिवशी त्या फलकाचा फोटो काढून ठेवावा, कारण काम रेंगाळू लागले की फलक दिसेनासे होतात असा सार्वत्रिक अनुभव आहे. फोटो काढताना चौकटीत एखादी न हलणारी खूण यावी: दुकानाची पाटी, वीजखांबाचा क्रमांक किंवा मंदिराची पायरी. नुसत्या खड्ड्याचा फोटो कोणत्याही गल्लीतला असू शकतो.

रस्त्याचे काम पाहायचे ते थर टाकताना पाहावे. एकदा वरचा काळा थर बसला की खाली काय आहे हे कोणालाच दिसत नाही. खोदाईची खोली मोजण्यासाठी सुताराची टेप पुरते आणि रुंदीसाठी तीस मीटरची टेप घ्यावी. दहा ठिकाणी रुंदी मोजून सरासरी काढावी, एकाच जागेच्या मापावर भांडण उभे करू नये, कारण जुन्या वस्तीतील रस्ता वळणावर आणि झाडापाशी आखडतोच. पाण्याची नळी, गॅसची वाहिनी आणि फायबरची केबल टाकण्यासाठी हाच रस्ता पुन्हा उकरला जाणार आहे का, हेही त्याच वेळी पथ विभागाकडे विचारावे. पावसाळ्याच्या तोंडावर खोदाई थांबवली जाते, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये परवानगी घेतलेल्या सगळ्या संस्था एकदमच रस्त्यावर उतरतात, आणि नवा रस्ता फोडला जाण्याची भीती याच दिवसांत सर्वाधिक असते.

टेपने घेतलेल्या मापांचा खरा उपयोग मोजमाप पुस्तिकेशी ताडून पाहताना होतो. कनिष्ठ अभियंता या पुस्तिकेत झालेल्या कामाची मापे नोंदवतो आणि त्यांवरूनच ठेकेदाराचे बिल निघते. समजा तीत डांबरी थराची नोंद लांबी २१०.०० मीटर, रुंदी ६.०० मीटर, जाडी ०.०५ मीटर, एकूण ६३.०० घनमीटर अशी आहे. आपण मोजलेली सरासरी रुंदी ५.४० मीटर भरली, तर तीच लांबी आणि जाडी धरून ५६.७ घनमीटर येतात. फरक ६.३ घनमीटरांचा, म्हणजे सुमारे पंधरा टन डांबरमिश्रित खडीचा आहे. एवढे गणित कागदावर मांडून कार्यकारी अभियंत्याकडे संयुक्त मोजणीची मागणी करावी. 'भ्रष्टाचार' हा शब्द त्या पत्रात घालू नये. तो घातला की पत्राचे उत्तर देणारा बदलतो, आणि मोजणी मागे पडते.

मोठ्या प्रकल्पांची टक्केवारी

गल्लीतील रस्त्याला जो न्याय तो हजार कोटींच्या प्रकल्पाला पुरत नाही, कारण तेथे काम एक नसते. पुण्याची समान पाणीपुरवठा योजना घ्यावी. चोवीस तास पाणी या नावाने ती लोकांना ठाऊक आहे, आणि तिच्यासाठी महापालिकेने जून २०१७ मध्ये ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली. योजनेत ८२ साठवण टाक्या, शेकडो किलोमीटरच्या वाहिन्या, घरोघरीचे मीटर आणि शहराचे १४१ विभाग असा पसारा आहे. अशा योजनेचे 'अमुक टक्के काम पूर्ण' असे निवेदन आले, तर ते टक्के कशाचे आहेत हे विचारावे. टाकी बांधून झाली, पण जलकेंद्रापासून टाकीपर्यंतची मुख्य वाहिनी जोडली नाही, तर ती टाकी कोरडी राहते. वाहिनी जोडली, पण विभागातील जुने नळजोड नव्या वाहिनीवर घेतले नाहीत, तर टाकी भरूनही नळाला फरक पडत नाही. म्हणून शहराची टक्केवारी सोडून आपला विभाग कोणता, त्याची टाकी कोणती, आणि टाकी, मुख्य वाहिनी, वितरण वाहिनी, मीटर या चारांपैकी काय बाकी आहे, एवढेच लेखी विचारावे. या चार प्रश्नांचे उत्तर एका पानात येते.

टक्केवारीचेही दोन प्रकार आहेत. भौतिक प्रगती म्हणजे जागेवर झालेले काम आणि आर्थिक प्रगती म्हणजे दिलेले पैसे. दुसरा आकडा पहिल्याच्या बराच पुढे गेला असेल तर कारण विचारण्यासारखे असते.

मुदतीच्या बाबतीत मुळा-मुठा नद्यांच्या प्रदूषण नियंत्रणाचा प्रकल्प लक्षात ठेवावा. जपानच्या जायका या संस्थेच्या साहाय्याने ९९० कोटी २६ लाख रुपयांच्या या प्रकल्पाचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. रोज ३९६ दशलक्ष लिटर मैलापाणी शुद्ध करणारी ११ केंद्रे उभारायची होती आणि मूळ मुदत जानेवारी २०२२ ची होती. त्यातील कित्येक वर्षे सल्लागार नेमण्यात, जागा मिळवण्यात आणि निविदेच्या फेऱ्यांत गेली, आणि ती मुदत हुकली. अशा प्रकल्पात 'काम कधी पूर्ण होणार' या प्रश्नाला जे उत्तर मिळते ते बहुधा शेवटच्या मुदतवाढीची तारीख असते. त्याऐवजी आजवर किती मुदतवाढी दिल्या, प्रत्येकीचे कारण काय नोंदवले आणि दंड आकारला की माफ केला, हे तीन प्रश्न विचारावेत. मैलापाणी किती तयार होते आणि किती शुद्ध होते याचे आकडे पर्यावरण सद्यःस्थिती अहवालात असतात, आणि तो अहवाल आयुक्तांनी दर वर्षी ३१ जुलैपर्यंत मांडावा असे कायदा सांगतो. तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून वाचले की निवेदनांची गरज उरत नाही.

रोजच्या सेवांच्या सूचना

पुणेकराला गुरुवारच्या पाणीबंदीचे प्रकटन वाचायला शिकवावे लागत नाही, तरी नव्याने आलेल्या भाडेकरूची त्यात फसगत होते. प्रकटनात भागांची नावे जलकेंद्रांनुसार आणि टाक्यांनुसार लावलेली असतात: पर्वती, लष्कर, वारजे, एसएनडीटी, चतुःश्रृंगी, वडगाव. पर्वतीचे पुन्हा उंचीप्रमाणे भाग पडतात. एलएलआर म्हणजे खालच्या पातळीची टाकी, तीवर जुन्या पेठा. एचएलआर म्हणजे वरच्या पातळीची, तीवर सहकारनगर-बिबवेवाडीचा उंच भाग. आपल्या सोसायटीचे नाव यादीत नाही म्हणून निश्चिंत राहू नये. आपले पाणी कोणत्या टाकीचे आहे हे सोसायटीच्या सचिवाकडून किंवा पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याकडून एकदा विचारून घ्यावे, म्हणजे पुढे यादी वाचायला अर्धे मिनिट लागते. आणि शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा व कमी दाबाने येईल, हे प्रकटनातले शेवटचे वाक्य पहिल्याइतकेच गंभीरपणे घ्यावे. बुधवारी भरून ठेवलेले पाणी शुक्रवारी दुपारपर्यंत पुरवावे लागते.

कचरा, पथदिवा, तुंबलेले चेंबर अशा तक्रारी पीएमसी केअर या ॲपवर करता येतात. तक्रारीचा टोकन क्रमांक आणि तारीख जपावी, आणि काम न होता तक्रार बंद झाली तर नवी तक्रार करताना जुना टोकन क्रमांक मजकुरातच लिहावा. दाखले, करआकारणी, नळजोड यांसारख्या सेवांचे प्रकरण वेगळे आहे. त्यांना महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ लागू आहे. प्रत्येक अधिसूचित सेवेची मुदत, जबाबदार अधिकारी आणि अपिलीय अधिकारी यांची नावे कार्यालयात दर्शनी भागी लावणे बंधनकारक आहे. मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला गेला तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते, त्यानंतर दुसरे, आणि तिसरे राज्य सेवा हक्क आयोगाकडे. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. या कायद्याचा आधार घ्यायचा तर अर्जाची क्रमांकासह पोच हवी. पोच न घेता खिडकीवर दिलेला कागद मुदतीच्या हिशेबात धरला जात नाही.

माहितीचा अर्ज आणि सोमवारची दुपार

माझा पहिला माहिती अर्ज मी फार तळमळीने लिहिला होता. आमच्या गल्लीकडे एवढे दुर्लक्ष का होते, असा त्याचा एकूण सूर होता. तेव्हा मी दुसऱ्या एका शहरात राहत होतो. तेथून बरोबर अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आले की, आपला प्रश्न 'माहिती' या व्याख्येत बसत नाही. राग आला, पण उत्तर बरोबर होते. हा कायदा अस्तित्वात असलेला कागद मिळवून देतो, अधिकाऱ्याकडून मत किंवा कबुली मिळवून देत नाही. तेव्हापासून अर्जात 'का' हा शब्द मी लिहीत नाही.

महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये करावा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा, विषय एकच ठेवावा आणि मजकूर १५० शब्दांत बसवावा. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची गरज नाही. ऑनलाइन अर्जाचीही सोय आहे. रस्त्याच्या कामासाठी मजकूर असा पुरतो: 'अमुक चौक ते तमुक चौक या रस्त्याच्या डांबरीकरणाच्या कामाबाबत, निविदा क्रमांक अमुक, १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५ या कालावधीतील पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात: मान्य पूर्वगणनपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी, अदा केलेली देयके, मुदतवाढीचे आदेश आणि गुणवत्ता चाचणीचे अहवाल.' प्रतीमागे दोन रुपये पडतात. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. न आल्यास किंवा अपुरे आल्यास पुढील ३० दिवसांत जोडपत्र 'ब' मध्ये पहिले अपील करावे, आणि तेथेही काही झाले नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. आयोगाकडे वर्ष-दोन वर्षे सहज जातात, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीची तयारी मन लावून करावी. तेथे नुसते 'माहिती दिली नाही' असे न म्हणता कोणता कागद दिला नाही हे यादीने सांगावे.

प्रती मागण्यापेक्षा मला स्वतःला नस्ती, म्हणजे कामाची मूळ फाईल, पाहणे अधिक उपयोगाचे वाटते. सामान्य प्रशासन विभागाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, आणि सोमवारी सुट्टी असल्यास दुसऱ्या कामाच्या दिवशी. ही पद्धत पुणे महापालिकेत त्याआधीपासून होती. जाण्यापूर्वी कोणती नस्ती पाहायची ते आदल्या आठवड्यात कळवून ठेवावे, नाहीतर पाऊण वेळ ती शोधण्यात जातो. नस्तीत आधी टिपणीची पाने पाहावीत. ती डाव्या बाजूला लावलेली असतात आणि पत्रव्यवहार उजवीकडे असतो. प्रस्ताव कोणत्या तारखेला कोणाकडे गेला, कोणी शेरा मारला आणि मग तो किती दिवस कोणाच्या टेबलावर होता, हे त्या पानांवरील सह्यांखालच्या तारखांवरून सरळ वाचता येते. ज्या दोन सह्यांमध्ये सत्तर दिवसांचे अंतर दिसेल, तेथे काम अडले होते. त्याच पानाची प्रत मागावी, बाकी गठ्ठा सोडून द्यावा.

हे सगळे करताना एक वही ठेवावी आणि प्रत्येक कामाला तिच्यात एक पान द्यावे. अर्थशीर्ष, ठराव क्रमांक, निविदा क्रमांक, कार्यादेशाची तारीख, मुदत, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि दोषदायित्व कालावधी संपण्याची तारीख, एवढे त्यात पुरे. शेवटच्या तारखेवर लाल खूण करावी, आणि त्या तारखेपूर्वीचा शेवटचा पावसाळा ओसरला की, साधारण दसऱ्याच्या सुमारास, तो रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा एकदा चालून पाहावा. तेव्हा दिसलेला खड्डा ठेकेदाराच्या खर्चाने बुजवून घेता येतो. तारीख उलटल्यावर तोच खड्डा नव्या पूर्वगणनपत्रकात जातो.